रक्तवाले आबा

ये, अशी जवळ ये. चपला पायात ठेवून दारातून गप्पा मारायच्या नसतात, किती वेळा सांगितलं तुला. आणि तो हातातला कागद दे इकडे. रक्ताचा रिपोर्ट ना? काय आहे त्यात म्हणून विचारलं तर म्हणतेस, ‘एका आकड्यापुढे चांदणी आहे आजी, बाकी काही माहीत नाही.’ अगं, रक्त तुझं, सुई तुला टोचली, आणि तू नुसती चांदणी बघून कागदाची घडी पर्समध्ये टाकलीस. आमचे आबा असते तर त्यांनी हा कागद तुझ्या हातात दिलाच नसता.

जळगावात एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत रक्त-लघवी तपासायची एक खोली होती. आबा तिथले मालक, तपासणारे आणि कारकून, सगळं एकटेच. मी काचा धुवायला होते. सकाळी आठला जायचं, आदल्या दिवशीच्या नळ्या आणि काचपट्ट्या साबणाच्या पाण्यात उकळायच्या, पुसून उन्हात लावायच्या. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं जे काही वाचलं ते त्या खोलीतल्या रद्दीत आणि आबांच्या बडबडीत.

लोक त्यांना रक्तवाले आबा म्हणायचे. राहायला नशिराबादला. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, आणि खांद्याच्या पिशवीत जेवणाचे दोन डबे. एका डब्यात भाकरी-भाजी, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाचा डोळा लावायचा नळकांडा, कापसात गुंडाळलेला. रात्री तो खोलीवर ठेवायचा नाही. ‘यंत्र चोरलं तर दुसरं मिळंल,’ म्हणायचे, ‘माझ्या नजरेला सवय याची झालेली हाये.’ एकदा गाडीत डब्यांची अदलाबदल झाली, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत एकही पेशंट आला नव्हता. दुपारी जेवायला बसले तर कापूस निघाला, आणि भाकरी त्यांनी सकाळीच, न बघता, यंत्राशेजारच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली. स्वतःच एवढे हसले की ठसका लागला.

त्यांची एक रीत होती, आणि त्या रीतीपायी निम्मं गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. पेशंटनं यंत्रातून आपलं रक्त बघितल्याशिवाय आबा रिपोर्ट द्यायचे नाहीत. मग तो कोणी का असेना. रावेरचे एक केळीवाले आले होते, बाहेर त्यांचा ट्रक उभा, आत केळीचे घड, वर ऊन. ते म्हणाले, ‘आबा, मी आजारी हाये, शाळंत नाही आलो.’

आबा म्हणाले, ‘तुमच्या बागेत किती खोडं?’

‘चार हजार.’

‘कोणत्या खोडाला घड कसा, माहीत हाये ना? मंग आपल्या अंगात कोण राहतं ते माहीत नको? टेका डोळा.’

केळीवाल्यांनी डोळा टेकला. दहा मिनिटं काढला नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

पांढऱ्या पेशी मोजायची त्यांची पद्धत तर मी जन्मात दुसरीकडे बघितली नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, वाळवून, जांभळा रंग द्यायचा. मग यंत्राखाली शंभर पांढऱ्या पेशी बघायच्या आणि त्यात कोणत्या जातीच्या किती ते लिहायचं. त्यासाठी बटणं दाबायचं एक यंत्र येतं. आबांचं ते बिघडलं, आणि त्यांनी दुरुस्त केलंच नाही. डोळा नळकांड्याला, आणि उजव्या हाताशी धान्याच्या पाच वाट्या, समोर एक थाळी. तुकड्यातुकड्यांचं बुबुळ, म्हणजे मधला गडद गाभा, असलेली पेशी दिसली की ज्वारीचा दाणा थाळीत. वाटोळ्या बुबुळाची दिसली की उडीद. लालसर रव्याची दिसली की मसूर, मोठ्या थोराड पेशीला हरभरा, आणि ती शंभरात एखादी असते तिला मोहरी. वर न बघता हात बरोबर त्या त्या वाटीत जायचा. शंभर दाणे झाले की ते निवडून मोजायचं काम माझं. चांगल्या माणसाच्या थाळीत ज्वारी जास्त, उडीद त्याच्या निम्म्यानं. बघून म्हणायचे, ‘याचा ज्वारी-उडदाचा कळणा बरोबर पडला. जा म्हणा घरी, भाकरी खा.’ शेतात अनवाणी काम करणारी, पोटात जंत असलेली बाई आली की थाळीत मसूरच मसूर.

डॉक्टरमंडळी हसायची. पण अवघड रक्त असलं की चिठ्ठी आबांकडेच यायची.

आता माझ्या वहिनीचं सांगते, कारण आबा मला खरे कळले ते तिच्यामुळे.

माझा भाऊ अमळनेरजवळच्या खेड्यात, कपाशीची शेती. वहिनीचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, बोलणं सगळं अहिराणी. आणि हात असे की भाऊबंदांत कुठेही लग्न निघालं की आधी तिला निरोप. मांडे करायला. खापरावरचे मांडे तू खाल्लेस, पण करताना बघितले नसशील. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा, तो कोपरापर्यंत येतो, पातळ होतो पण फाटायचा नाही, मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. वहिनीचा मांडा धोतराच्या पानासारखा लांबरुंद, पातळ असायचा. नव्वदनंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट, ती तीस-बत्तीसची होती. हिवाळ्यात एक दिवस म्हणाली, सकाळी मूठ मिटत नाही. मग मनगटं सुजली, मग एक गुडघा. दोन्ही हात सारखेच, उजवं तसं डावं. दुपारपर्यंत जरा सैल व्हायचे, तोवर लुगड्याची गाठही मारता यायची नाही.

घरच्यांनी वांगं बंद केलं, केळं बंद केलं, वातूळ म्हणून. निर्गुडीचा शेक झाला. गावातल्या एकानं पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी पंधरा दिवसांत उतार पडला, तोंड गोल झालं, आणि गोळ्या थांबवल्या की दुप्पट दुखणं. एका लग्नात तिच्या हातातून मांडा फाटून चुलीत पडला. पुढच्या लग्नाचा निरोप आला नाही.

तेव्हा मी भावाला म्हटलं, जळगावला घेऊन ये. तेव्हा आमच्याकडे मुंबईला शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते, सांध्यांचं त्यांना चांगलं कळायचं. त्यांनी वहिनीचा गुडघा बघितला, सुईनं त्यातलं पाणी काढलं आणि रक्ताबरोबर आबांकडे पाठवलं.

आबांनी त्या पाण्याचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये धरून ओढला. ‘बघ,’ मला म्हणाले, ‘तार निघत नाही. चांगल्या सांध्यातलं पाणी पाकासारखं असतं, तार धरतं. हे पेजेसारखं झालं.’ मग रक्ताची तपासणी. काळ्या काचेवर रक्तातलं पिवळं पाणी आणि औषधाचा दुधासारखा एक थेंब मिसळून काच हलवत बसायचं. दोन मिनिटांत ते दूध फाटल्यासारखं झालं, कणी कणी. आबांनी काच खाली ठेवली.

‘आमवात,’ म्हणाले. ‘म्हातारपणाची झीज नाही ही. वेगळी गोष्ट हाये.’

आणि वहिनीला बोलावून यंत्रापाशी बसवलं. आधी तिच्या सांध्याचं पाणी दाखवलं. सगळी काच पांढऱ्या पेशींनी भरलेली, जत्रेसारखी दाटी.

वहिनीनं डोळा काढला आणि विचारलं, ‘आबा, या बठ्ठा मनाच शेतस?’

‘तुझ्याच.’

‘मंग मालेच का चावतस?’

आबा खुर्ची ओढून बसले. पुस्तकात या पेशींना सैनिक म्हणतात, आबांना तो शब्द आवडायचा नाही. ते म्हणायचे भाऊबंद. ‘हे बघ, या वाटोळ्या बुबुळाच्या दिसतात ना, या घरातल्या पोक्त. या स्वतः फारसा हात उचलत नाहीत, बोट दाखवतात. अमका परका हाये म्हणतात. मंग या दुसऱ्या, तुकड्यातुकड्यांच्या, त्या बोट दाखवलं तिकडे धावतात. जंतू आला की हेच पाहिजे, नाही तर आपण जगलो नसतो. पण तुझ्या घरी पोक्तांचीच ओळख चुकली. सांध्याच्या आतलं मऊ अस्तर आपलंच, त्याला परकं म्हणून बोट दाखवलं. मंग हे सगळे तिथं जमले. दाटी झाली, सूज आली, अस्तर जाड झालं, आता ते हाड कुरतडायला लागंल.’

‘तेस्ले कोन सांगं?’

‘तेच कोणाला माहीत नाही,’ आबा म्हणाले. ‘मला तर नाहीच.’ माहीत नाही म्हणायची त्यांना लाज नव्हती. उलट जरा खूश व्हायचे.

‘मंग मारी टाका तेस्ले.’

‘भाऊबंदांना मारून कसं चालंल? उद्या खरा चोर आला तर? त्यांची समजूत घालायची, आवाज खाली आणायचा, बस्स.’

डॉक्टरांनी त्यासाठी पिवळ्या बारीक गोळ्या लिहून दिल्या. तीन गोळ्या एका वेळी, आणि आठवड्यातून एकदाच. रोज नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, इंग्रजीत लिहिलंही. लवकर धरलंय, म्हणाले, बोटं वाकायच्या आत. तीन महिने घ्या, दर महिन्याला रक्त तपासा, हात वाचतील.

महिन्याला तपासायचं ठरलं खरं, पण पहिल्या महिन्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, येत होती, वहिनी माहेरी जाणार होती, तेव्हा परतल्यावर बघू असं झालं. मी बारा पुड्या बांधल्या, प्रत्येकीत तीन गोळ्या. आठवड्यातून एकदा म्हणजे नक्की कधी, ते तिच्या लक्षात राहील का, असा भावाला प्रश्न पडला. वहिनीला वाचता येत नव्हतं, आणि तिच्या घरी कॅलेंडरवर दुधाच्या खुणा. तेव्हा आबांना सुचलं. त्यांना सोपं करून सांगायचा फार सोस. म्हणाले, ‘तू बाजाराचा दिवस कधी विसरलीस का?’

‘बजार कसा भुलसू?’

‘मंग ही बाजाराची गोळी. बाजाराची पिशवी हातात घेतली की पुडी तोंडात.’

सगळ्यांना पटलं. आठवडी बाजार आठवड्यातून एकदाच भरतो, तो खेड्यातला माणूस विसरत नाही. आबा दिवसभर त्या युक्तीवर खूश होते. संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत मला दोनदा म्हणाले, ‘डॉक्टरला हे सुचलं नसतं.’

वहिनी महिन्यानं परतली ती अंगात ताप घेऊन. ओठांच्या आत फोड, पाणी गिळवेना. भाऊ तिला सरळ आमच्या खोलीवर घेऊन आला. आबांनी बोटातून रक्त घेतलं, काच रंगवली, डोळा टेकला, हात ज्वारीच्या वाटीत ठेवला.

हात तिथेच राहिला.

बऱ्याच वेळानं थाळीत एक दाणा पडला. मग एक उडीद. आबा काच सरकवत होते, या टोकाहून त्या टोकाला. मी समोर उभी. एरवी आठ-दहा मिनिटांत शंभर होतात. त्या दिवशी वीस मिनिटं झाली आणि थाळीत बावीस दाणे. त्यांना वाटलं रंग बिघडला. दुसरी काच केली. मग आपलं स्वतःचं बोट टोचून तिसरी केली, ती व्यवस्थित भरलेली निघाली. तेव्हा रंगाचा दोष नाही हे कळलं.

वहिनीकडे वळून त्यांनी विचारलं, ‘पुड्या किती उरल्या?’

‘सरी गयात.’

‘बारा?’

‘बारा.’

‘महिन्यात बारा कशा सरतील? मी काय सांगितलं होतं?’

वहिनी तापातही चिडली. ‘तुम्हीच सांगेल शे ना, बजारना दिन. मनी माय मिरच्या इकस. आठोडाना तीन गावना तीन बजार करतस आम्ही. दर बजारले पिशवी लिधी, पुडी खादी. मनं काय चुकनं?’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. सासरी तिला एक बाजार होता, माहेरी तीन. आईबरोबर मिरचीच्या दुकानावर ती महिनाभर बसली, आणि सांगितलं तसं, एकदाही न विसरता, गोळी घेत राहिली.

आबांनी नळकांडा काढला, कापसात गुंडाळला, डब्यात ठेवला. मग भावाला म्हणाले, ‘हिच्या अंगातले भाऊबंद निम्म्याहून जास्त उठून गेले. दार उघडं हाये. आत्ता दवाखान्यात न्यायचं. आणि चूक माझी हाये, हे तिथं डॉक्टरला मी सांगणार, तुम्ही नाही.’

सांगितलं. डॉक्टरांसमोर उभे राहून, सुपारीचं खांड तोंडातून काढून हातात धरून, शाळकरी मुलासारखं. डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी चिठ्ठी लिहिताना पेन कागदावर जरा जोरात दाबलं. माझा भाऊ मात्र बोलला. ‘आबा, गावात तुमचं नाव ऐकून आणलं होतं. शहाणपणा आपल्याजवळ ठेवायचा असता.’

आबा म्हणाले, ‘बरोबर.’

वहिनी अकरा दिवस दवाखान्यात होती. त्या गोळ्यांवर उतारा म्हणून सुया, तापासाठी वेगळ्या. पहिले चार दिवस डॉक्टरही काही सांगत नव्हते. बाहेरच्या माणसांना जवळ जायची बंदी, साधा खोकला झालेला माणूससुद्धा नको. आबा रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीपर्यंत यायचे, नर्सकडून काच घ्यायचे आणि परत जायचे. वर गेले नाहीत. खोलीवर येऊन मोजायचे आणि आकडा चिठ्ठीवर लिहून माझ्या हाती डॉक्टरांकडे पाठवायचे. त्या दिवसांत त्यांनी दुसऱ्या कोणाला यंत्रातून रक्त दाखवलं नाही. लोक रिपोर्ट घेऊन गुपचूप जायचे, काही जण दारात रेंगाळायचे, ‘आज बघायचं नाही का आबा?’ म्हणून विचारायचे. ते म्हणायचे, ‘नाही. नेऊन डॉक्टरला दाखवा.’

पाचव्या दिवशी तेवढ्याच वीस मिनिटांत थाळीत सत्तावन्न. आठव्या दिवशी शंभर पुरे झाले.

वहिनी वाचली. पण गोळ्या बंद झाल्या, आणि भावानं ठरवलं की त्या पुन्हा घरात येणार नाहीत. डॉक्टर म्हणत होते की औषध वाईट नाही, हिशेब चुकला, नीट घेतली तर हात राहतील. भाऊ ऐकेना. आणि इकडे मोकळे झालेले भाऊबंद परत जमले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आठ महिन्यांत उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलली ती कललीच.

मग एक दिवस वहिनी एकटीच एसटीनं आली. कोणाला न सांगता. खोलीवर येऊन यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली आणि आबांना म्हणाली, ‘गोळी लेऊ का नको, सांगा.’

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ‘डॉक्टरला विचार बाई. मी काचा बघणारा माणूस.’

‘डाक्टरनी सांगं. ते इंग्रजी बोलस. तुम्ही सांगशात तवय खासू.’

‘माझ्या सांगण्यानं मरत होतीस.’

‘ते ते शेच,’ वहिनी म्हणाली. ‘पन मन्या आंगमा कोन ऱ्हास, ते तुम्हीच दखाडं.’

आबा किती तरी वेळ थाळी फडक्यानं पुसत होते. पुसलेलीच होती ती. मग म्हणाले, ‘मंगळवार. बाजार नाही, उपास नाही, माहेर नाही, सासर नाही. फक्त मंगळवार. आणि दर महिन्याला रक्त इथं.’ भावाची समजूत त्यांनी घातली नाही, तो अधिकार आपला राहिला नाही म्हणाले. ती वहिनीनंच घातली. कशी, ते मला तिनं कधी सांगितलं नाही.

त्यानंतर आबांनी जे सुरू केलं, ते गावाला वेडेपणाचंच वाटलं. दर शुक्रवारी ते एक पोस्टकार्ड टाकायचे. वहिनीच्या नावानं. मजकूर एकच शब्द, ‘मंगळवार’. ख्यालीखुशाली नाही, सही नाही. आखाजीला ती माहेरी असली की कार्ड माहेरच्या पत्त्यावर. वहिनीला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण पोस्टमनला येतं. तो अंगणातून हाक मारायचा, ‘वहिनी, तुमचा मंगळवार आला हो.’ कधी कार्ड बुधवारी यायचं. मग सगळं घर हसायचं, कारण गोळी आदल्या दिवशीच झालेली असायची. मी एकदा आबांना म्हटलं, ‘तिला आता पाठ झालं, कशाला कार्डं वाया घालवता?’ ते म्हणाले, ‘तिला पाठ झालं असंल. मला विसरायचं नाही.’

सहा वर्षं तो क्रम चालला. मग आबांना एका उन्हाळ्यात नशिराबादच्या घरीच झटका आला, आणि दोन दिवसांत ते गेले. खोली बंद झाली. त्या आठवड्यात मी वहिनीला कळवायला गेले तेव्हा ती वसरीवर शेंगा निवडत बसली होती. कार्ड आलं नव्हतं, त्यावरून तिला आधीच अंदाज आला होता. म्हणाली, ‘कार्ड नही उनं. पन मंगळवार ते उना.’ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली, गोळी घ्यायला.

आता तिची सत्तरी जवळ आली. डॉक्टर बदलले, औषधात एक-दोन गोष्टी वाढल्या, मंगळवार तोच आहे. ती दोन बोटं वाकडी राहिली, बाकीची आठ सरळ. मांडा अजून करते. धोतराच्या पानासारखा होत नाही, उजवीकडे जरा जाड राहतो, आणि ती तो जाड कोपरा दुसऱ्या कोणाला वाढत नाही, स्वतः खाते. तुला तिच्याकडे न्यायचं माझ्या मनात कधीपासून आहे. पण तू दारात उभी राहून ‘बघू आजी’ म्हणतेस. या वेळी ‘बघू’ नको म्हणू. पुढच्या महिन्याच्या आत ये, सकाळच्या गाडीनं जाऊ आपण, म्हणजे ती खापर चुलीवर ठेवेल तेव्हा पोचू.